तान फाटते ती बाजूच्या शेवटी

शहापूर, बेळगावहून एक वाचक लिहितात:

"सप्रेम नमस्कार. उद्यमबागेत टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढली, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. वडिलांनी जमवलेल्या दीडशेच्या आसपास एलपी आणि पत्र्याची एक ट्रंक भरून ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या, रेकॉर्डी घरात आहेत. गाणं बहुतेक आपल्याच पट्ट्यातलं. मन्सूर, गंगूबाई, भीमसेन, कुमार. मुलानं गेल्या दिवाळीला टेक्निक्सचं एसएल-१२०० मार्क-७ हे रेकॉर्ड वाजवायचं मशीन घेऊन दिलं. त्यावर एकच पण उत्तम कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) बसवावी म्हणून ऐंशी हजार बाजूला काढले, त्याला आठ महिने झाले. पुण्याचा दुकानदार म्हणतो, मूव्हिंग कॉइल घ्या, बाकी सगळी खेळणी. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून बेंगळुरूला गेलो, तिथं म्हणाले, तुमचं मशीनच डीजेचं, आधी ते बदला. मुंबईवाला म्हणतो, पूर्ण पैसे आधी, माल दोन महिन्यांनी, ऐकायला मिळणार नाही, परत घेणार नाही. परीक्षणं वाचावीत तर एकाला जी 'उबदार' वाटते ती दुसऱ्याला 'मंद'. सूनबाई म्हणतात, मामंजी, फोनवर सगळं आहे की. सध्या मुलानं दिलेल्या साध्या कार्ट्रिजवर ऐकतो. विलंबित गोड लागतं, द्रुत सुरू झालं की आवाज फाटतो. ऐंशी हजारांत काय घेऊ तेवढं सांगा. डोकं शिणलं."

अण्णा, सप्रेम नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुमच्याइतकाच मीही वैतागलो. दुसऱ्यांदा त्या एका वाक्यावर थांबलो: विलंबित गोड लागतं, द्रुत सुरू झालं की आवाज फाटतो. आठ महिन्यांत तीन शहरांतल्या तीन दुकानदारांनी तुम्हाला तुमचं बजेट विचारलं, मशीन विचारलं. नेमकं काय बिघडतंय हे एकानंही विचारलं नाही. आणि तुमचा सगळा सौदा त्या एका वाक्यावर ठरायला हवा.

एलपी मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेते, बाहेरच्या काठालाही तेवढेच आणि लेबलाजवळही तेवढेच. पण बाहेरच्या काठाला एका सेकंदात सुईखालून सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आणि आत लेबलापाशी पोचेपर्यंत ती २१ वर येते. म्हणजे तेच एक सेकंदाचं गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं. आता आपल्या ख्यालाच्या रेकॉर्डची बाजू आठवा. सुरुवातीला सावकाश बढत, मोठी मोकळी जागा. वीस मिनिटांनी द्रुत, आणि शेवटच्या तीन मिनिटांत तानांचा पाऊस. जिथं स्वर सगळ्यांत दाट, तिथंच खाच सगळ्यांत आखूड. दुसऱ्या एखाद्या संगीतात बाजूचा शेवट शांत असू शकतो, आपल्याकडं तो तसा क्वचितच असतो. म्हणून आपलं गाणं ऐकणाऱ्यानं कार्ट्रिज निवडताना एकच गोष्ट सगळ्यांत आधी बघायची: ही सुई आतल्या खाचेत शिरते का?

तुम्ही टूलरूमचे, तुम्हाला हे दुकानदारापेक्षा लवकर कळेल. बारीक आट्यांचा बोल्ट जाड गोल टोकाच्या गेजनं तपासायला गेलात तर गेज आट्यांच्या माथ्यावरूनच घसरत जाईल. साध्या गोल, म्हणजे कोनिकल, सुईच्या टोकाची त्रिज्या १६ ते १८ मायक्रॉन असते. लंबगोल सुईची बाजूची त्रिज्या ८ मायक्रॉनपर्यंत उतरते. मायक्रोलिनिअर नावाची हिरा घासायची एक तऱ्हा असते, तिच्यात ती ३ मायक्रॉनच्या आसपास येते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, आणि इथं हिऱ्याला तीन मायक्रॉनची धार काढायची, तीही दोन्ही बाजूंना सारखी. पैसे मोजायचे तर या कामाचे मोजा. कार्ट्रिजचं अंग लाकडाचं आहे की कसल्या दगडात कोरलंय, याचे पैसे तुमच्या ताना सावरणार नाहीत.

पण थांबा. काहीही विकत घेण्याआधी आहे ती कार्ट्रिज नीट बसली आहे का ते बघा. मुलानं हौसेनं बसवली असेल, पण किती जण मोजून बसवतात? टेक्निक्सच्या या आर्मला, म्हणजे सुईच्या दांड्याला, हेडशेलच्या, म्हणजे कार्ट्रिज बसवायच्या पुढच्या तुकड्याच्या, मागच्या टोकाला जिथं रबराची कडी असते, तिथपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर अंतर लागतं. त्यात एक-दीड मिलिमीटरची चूक झाली तरी ताना फाटतात. कंपनीची ही मांडणी आतल्या खाचांना झुकतं माप देणारी आहे, म्हणजे आपल्या कामाचीच. व्हर्निअरनं ५२ चं अंतर आधी पुठ्ठ्यावर आखून घ्या आणि पुठ्ठा सुईजवळ न्या. व्हर्निअर थेट सुईपाशी नेऊ नका. कार्ट्रिजमध्ये लोहचुंबक असतो, पोलादी जबडा तो झटक्यात ओढून घेतो आणि सुई बसल्या जागी मोडते. पितळी स्क्रू आणि पितळी किंवा प्लॅस्टिकचा स्क्रूड्रायव्हर मिळाला तर उत्तम.

मग सुईचा भार. रेकॉर्ड झिजेल म्हणून पुष्कळ जण तो मुद्दाम कमी ठेवतात. होतं उलटंच. भार कमी पडला की जोराच्या तानेला सुई खाचेच्या भिंतींपासून सुटते आणि परत येऊन आदळते, आणि त्या आदळण्यानं झालेली जखम कायमची. कंपनीनं २ ग्रॅम सांगितला असेल तर २ ग्रॅमच ठेवा. सोनाराच्या काट्यासारखा छोटा डिजिटल काटा मिळतो, तो घ्या. हे दोन्ही झाल्यावर तीच बाजू पुन्हा लावा. निम्मं फाटणं इथंच थांबलं तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आता तुमच्या तिघांकडं येतो.

बेंगळुरूच्या माणसानं तुमचं मशीन डीजेचं म्हणून बाजूला सारलं, याचं मला खरोखर वाईट वाटलं. एसएल-१२०० पहिल्यांदा १९७२ मध्ये आलं ते घरी बसून गाणं ऐकणाऱ्यांसाठी. डीजेंनी ते नंतर उचललं, कारण त्याची गती हलत नव्हती. तंबोऱ्याची जवारी तासभर एका जागी राहायची असेल तर दुसरं काय हवं असतं? मुलानं विचार करून दिलंय. बदलू नका.

पुण्याच्या माणसाचं म्हणणं अगदी खोटं नाही, पण अर्धं आहे. कार्ट्रिजच्या मुख्य जाती दोन: सुईबरोबर तारेचं वेटोळं हलतं ती मूव्हिंग कॉइल, चुंबक हलतो ती मूव्हिंग मॅग्नेट, आणि तुमची आताची बहुतेक ही दुसरी. मूव्हिंग कॉइलमध्ये सुंदर कार्ट्रिज आहेत. डेनॉनची डीएल-१०३ घ्या, जपानच्या एनएचके नभोवाणीसाठी १९६० च्या दशकात तयार झाली आणि अजून बनते. तुमच्या आर्मला ती शोभेलही. पण तिच्यातून वीज येते ०.३ मिलिव्होल्ट, तुमच्या आताच्या जातीच्या कार्ट्रिजमधून येते तिच्या दहा-बारा पट. तुमच्या अँप्लिफायरला फक्त मूव्हिंग मॅग्नेटचं तोंड असेल, बहुतेकांना तेवढंच असतं, तर आवाज मुंगीसारखा येईल. मग तो वाढवायला वेगळा फोनो प्रीअँप किंवा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर. मग घराचं अर्थिंग कच्चं असेल तर तोच इवलासा आवाज मोठा करताना विजेची घूं घूं पण मोठी होणार. एक वस्तू घ्यायला गेलात आणि चार घेऊन आलात, असं ते आहे. शिवाय डीएल-१०३ ची सुई गोल आहे. तुमचं दुखणं आहे बाजूच्या शेवटचं, आणि औषध त्या गावचं नाही.

त्याहून मोठं कारण वेगळंच आहे. मूव्हिंग मॅग्नेटची सुई हातानं ओढून निघते आणि नवी बसते. मूव्हिंग कॉइलची निघत नाही. ती झिजली किंवा मोडली की अख्खी कार्ट्रिज कारागिराकडं पाठवायची किंवा जुनी देऊन नवी घ्यायची. आपण बेळगावात राहतो. नातवाचा हात लागला, फडकं अडकलं, तर नवी सुई कुरिअरनं मागवता यायला हवी, अख्खी कार्ट्रिज विमानात बसवायला नको.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मी एक जुनी मूव्हिंग कॉइल घेतली. एका मोठ्या शहरातला विक्रेता, फोनवर गोड बोलणारा, "शंभर तासही वाजलेली नाही" म्हणाला. तीन महिने पैसे साठवले होते. डबा उघडला तर वरून सगळं चकाचक. आवाज मात्र एका बाजूनं चिरका. गल्लीतल्या ओळखीच्या घड्याळजीकडं गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, कार्ट्रिज उताणी धरली, बराच वेळ बोलले नाहीत, मग भिंग माझ्याकडं दिलं. ज्या बारीक नळीच्या टोकाला हिरा असतो, ती नळी वाळक्या गवताच्या काडीसारखी डावीकडं वाकलेली. आणि टोकाला हिऱ्याची एक बाजू घासून सपाट झालेली, तिच्यावर दिव्याचा कवडसा पडत होता. त्या सपाट धारेनं मी दोन रेकॉर्डी वाजवून झाल्या होत्या. पैसे परत मिळाले नाहीत. त्याचं दुःख ओसरलं, त्या दोन रेकॉर्डींचं नाही. त्यातली एक आईची आवडती होती.

म्हणून वापरलेली कार्ट्रिज, कितीही नावाजलेली असो, भिंगाखाली बघितल्याशिवाय घ्यायची नाही. चांगली सुई पाचशे ते हजार तास चालते, आणि किती तास झाले हे सांगणारं मीटर तिला नसतं.

मुंबईचा जो परत घेत नाही म्हणतो, त्याचीही बाजू याच गोष्टीत आहे. एकदा घरी गेलेली सुई किती वाजली, कशी हाताळली, त्याला कळायला मार्ग नाही. पण ऐकवतही नाही आणि परतही घेत नाही, हे दोन्ही एकदम मान्य करायचं कारण नाही. नारळ घेतानासुद्धा आपण कानाशी नेऊन हलवून बघतो. इतक्या पैशांची वस्तू, तीही केवळ ऐकण्यासाठी घ्यायची, आणि कानाला लावू द्यायची नाही? यावर माझा राग आहे आणि राहील. तुम्ही त्याला निदान एवढं लेखी मागा: पेटी तुमच्या समोर उघडायची, भिंगातून नळी सरळ आहे हे दोघांनी बघायचं, वॉरंटीचं बिल तुमच्या नावावर. याला नाही म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका.

ऐकण्यासाठी दुकानापेक्षा घरं बरी. बेळगाव, धारवाड, कोल्हापूर, या तिन्ही गावांत रेकॉर्डी जपणारी माणसं आहेत आणि गाण्याच्या मैफलींना ती भेटतात. विचारा, मनापासून बोलावतील. जाताना आपली एलपी बरोबर न्या, ओळखीची, शंभरदा ऐकलेली. लावायची ती बाजूची शेवटची तीन मिनिटं. तानेतला प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो का, 'स' आणि 'श' सिसकारतात का, तबल्यातल्या बायाँचा घुमारा गोळा होतो की पसरतो, आणि गायक श्वास घेतो तेव्हा मागं तंबोरे उभे राहतात का. परीक्षणातलं 'उबदार' आणि 'हवेशीर' यातलं काही सांगत नाही. ज्यांनी ते लिहिलं त्यांनी कदाचित तंबोरा ऐकलेलाही नसेल.

आर्म आणि कार्ट्रिज यांची जोडी जुळते का, हे मात्र ऐकल्याशिवायही कागदावर काढता येतं, आणि तुमच्यासारख्याला ते आवडेल. आर्मचं परिणामी वजन (इफेक्टिव्ह मास), कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूंचं वजन यांची ग्रॅममध्ये बेरीज करा. तिला सुईच्या लवचिकपणाच्या (कम्प्लायन्सच्या) आकड्यानं गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्यानं भागा. उत्तर ८ ते १२ हर्ट्झच्या मध्ये आलं पाहिजे. त्याच्या खाली गेलं तर ट्रंकेत वाकलेल्या रेकॉर्डीवर सुई नावेसारखी हेलकावे खाते, वर गेलं तर खर्जाला धक्का लागतो. तुमच्या आर्मचं वजन १२ ग्रॅम धरा. एक मेख आहे: जपानी कंपन्या लवचिकपणाचा आकडा १०० हर्ट्झला मोजून देतात, तो दीड ते दोनपट केल्याशिवाय या गणितात घालायचा नाही. भले भले इथं चुकतात आणि चांगल्या जोडीला नाकारतात.

आता नाव सांगतो. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ ही मालिका बघा, त्यातली एमएल, म्हणजे मायक्रोलिनिअर सुईची. वजन ६.१ ग्रॅम, भार २ ग्रॅम, वरचं गणित केलंत तर उत्तर नऊच्या थोडं खाली येतं. तुमच्या अँप्लिफायरवर थेट चालेल. किंमत तुमच्या ऐंशी हजारांच्या कितीतरी आत आहे, आणि म्हणूनच तुम्हाला ती कुणी सुचवली नसावी. याच्यावरच्या कार्ट्रिज जगात नाहीत असं मी म्हणत नाही. पण तुमच्या दुखण्यावर थेट लागू पडणारी, तुमच्या आर्मला बसणारी, आणि सुई मोडली तर घरबसल्या बदलता येणारी ती आहे. वर्षभर तिच्यावर ऐका. मग कान आणखी काही मागतात का बघू.

राहिली ती ट्रंक. तुम्ही लिहिलंत "एकच पण उत्तम", आणि तिन्ही दुकानदारांनी ते ऐकून घेतलं, हे मला सगळ्यांत खटकलं. एका सुईनं एलपी आणि ७८ दोन्ही वाजत नाहीत. ७८ ची खाच कितीतरी रुंद, तिला तीन मिलची, म्हणजे सुमारे ७५ मायक्रॉनची गोल सुई लागते. एलपीची बारीक सुई घातलीत तर ती तळाच्या धुळीत लोळत जाते, गाण्यापेक्षा खरखर जास्त, आणि ऐंशी हजारांची असली तर दुःखही जास्त. तुमच्या मशीनला ७८ ची गती आहे, ३३ आणि ४५ ची बटणं एकदम दाबली की ती लागते. आर्मचं हेडशेल फिरवून निघतं, ही त्या मशीनची मोठी सोय. दुसरं हेडशेल घ्या, त्यावर व्हीएम९५ चीच एसपी, म्हणजे ७८ साठीच्या, सुईची कार्ट्रिज कायमची बसवून ठेवा. ट्रंक उघडायची त्या दिवशी हेडशेल बदललं की झालं. एसपीला भार लागतो ५ ग्रॅम, आणि तुमच्या आर्मच्या डायलवर आकडे ४ पर्यंतच आहेत, तेव्हा आर्मच्या मागचं वजन त्याच्या पुढं फिरवून डिजिटल काट्यावरच ठरवा. अँप्लिफायरला मोनोचं बटण असेल तर ७८ ला ते दाबायचं, बरीच खरखर तिथंच गळते.

आणि अण्णा, ७८ च्या तबकड्या स्पिरिटनं कधी, कधीही पुसू नका. त्या लाखेच्या असतात, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, मऊ ब्रश, लेबल कोरडं, आणि लगेच टिपून घ्यायचं. आपल्या जुलै-ऑगस्टच्या पावसात कागदी पाकिटांना बुरशी धरते ती रेकॉर्डवर उतरते, म्हणून वडिलांची जुनी पाकिटं वेगळी जपा आणि तबकड्या नव्या पाकिटांत उभ्या ठेवा. उरलेल्या पैशांतले थोडे इथं घाला. एलपी धुवायचं हातयंत्र, पाकिटं, काटा, दुसरं हेडशेल, एक जास्तीची एमएल सुई कपाटात. एवढं करूनही तुमच्याकडं मोठी रक्कम शिल्लक राहील.

नवी कार्ट्रिज आली की घाई करू नका. पंखा बंद करा, सदऱ्याच्या बाह्या दुमडा, सुईचं टोपण सगळं बसवून झाल्यावर शेवटी काढा, समोरच्या दिशेनं, सरळ. सूनबाईंना शेजारी बसवा. मन्सूरांची कुठलीही एलपी घ्या, बाजू सुरुवातीपासून लावू नका, सुई थेट शेवटच्या तीन मिनिटांवर ठेवा. तान फाटली का नाही, तेवढं मला कळवा.